आवाज बसला त्या सालची हळद

हळद शिजायला लागली की माझा हात आपोआप गळ्याशी जातो. दुखत काही नाही आता, नुसती सवय. परवा वसमतहून येताना एसटीच्या खिडकीतून तो वास आत शिरला. ओल्या मातीचा, थोडा कापराचा, थोडा उग्र. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला आणि मी काच आणखी मागं सारली. हिला काही झालंय की काय, अशा नजरेनं ती माझ्याकडं बघायला लागली. झालं होतं, बाई, पण त्याला आता बरीच वर्षं लोटली.

मांडीवरच्या पिशवीत एक कागद होता. हिंगोलीला नव्यानं लागलेल्या शिक्षकांचं प्रशिक्षण आहे आणि साधनव्यक्ती म्हणून माझ्या वाट्याला विषय आलाय, ‘प्रभावी शिक्षकाची कौशल्ये’. तासभर बोलायचं, फळ्यावर मुद्दे मांडायचे. डी.एड.ला आम्हाला ही कौशल्यं सुटी सुटी करून शिकवली होती, भाजीवाला मेथीच्या जुड्या बांधून ठेवतो तशी. प्रस्तावना कौशल्य, प्रश्न कौशल्य, फलकलेखन, प्रबलन. प्रबलन म्हणजे पोरानं बरोबर उत्तर दिलं की ‘शाब्बास’ म्हणणं, एवढंच. सराव पाठ चालू असताना आमच्या मॅडम मागच्या बाकावर बसून प्रत्येक शाब्बासकीला एक रेघ मारायच्या. माझ्या नावापुढं रेघांचं कुंपणच व्हायचं. शिक्षक व्हायला लागतं ते सगळं माझ्या तोंडात आहे, अशी माझी पक्की समजूत होती, आणि मॅडमचीही.

मी मुळात बोलकी. तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात ना, ते माझ्यासारख्यांना बघूनच म्हणत असतील. आई म्हणायची, ‘हिला दात यायच्या आधी शब्द आले.’ परभणीच्या आमच्या गल्लीत मी लहानपणी दुपारी झोपले की शेजारच्या काकू विचारायला यायच्या, पोरगी आजारी आहे का. बोलणाऱ्याची बोरं विकतात, तर मी शाळा का नाही चालवणार? अशा थाटात मी कुरुंद्याकडच्या एका तांड्याजवळच्या शाळेत रुजू झाले. हिंगोली वेगळा जिल्हा व्हायचा होता अजून. आम्ही परभणीचेच होतो.

दोन खोल्या, एक व्हरांडा, एक कडुलिंब. तिसरी-चौथी दत्तराव गुरुजींकडं, पहिली-दुसरी माझ्याकडं. गुरुजी मुख्याध्यापक, वयानं वडिलांसारखे, तंबाखू मळत मळत पाढे म्हणून घ्यायचे. माझ्या वर्गातली बहुतेक लेकरं तांड्यावरची. घरात बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणारी. माझी मराठी त्यांच्या डोक्यावरून वाहत जायची आणि मी ती आणखी जोरात वाहू द्यायचे. कळत नसेल तर मोठ्यानं सांगावं, म्हणजे कळतं, असा एक आपल्या सगळ्यांचाच गैरसमज असतो.

सक्री त्यातलीच. दुसरीत होती, पण दुसरीतली वाटायची नाही एवढी चिमुकली. कानात पितळेच्या बारीक रिंगा, फ्रॉकला आजीनं लावलेली आरशांची पट्टी. वर्गात तिनं शब्द म्हणून काढला नव्हता. हजेरीला तिचं नाव आलं की नुसता हात वर. मी रोज म्हणायचे, ‘हात नको, सक्री. तोंडानं बोल. हजर म्हण.’ ती हात खाली घ्यायची आणि ओठ आणखी घट्ट मिटून घ्यायची. कुलूप बरं, असं घट्ट.

मग हळदीचे दिवस आले.

आता शेतात बॉयलर येतात. ट्रॅक्टरच्या मागं जोडून आणतात आणि वाफेवर ढीगच्या ढीग शिजवून मोकळे होतात. तेव्हा कढया होत्या. जमिनीत चर खणायचा, वर ही एवढी लोखंडी कढई ठेवायची, खाली कापसाच्या पराट्या नि तुरीच्या तुराट्यांचा जाळ, वरून हळदीचाच पाला आणि ओलं पोतं झाकायचं. मधूनच एक हळकुंड बाहेर काढून त्यात काडी टोचून बघायची. काडी आरपार गेली की उतरवायची. बाया ओळीनं बसून गड्डे मोडायच्या, माती झटकायच्या, आणि त्यांच्या शेजारी त्यांची लेकरं. सगळं पिवळं. कुत्र्यांचे पाय पिवळे, भाकरी पिवळी, वह्यांचे कोपरे पिवळे. आणि वर्ग रिकामा. दर साली असंच, गुरुजी म्हणायचे. ‘हळद लागली की साळंला कोन इचारतंय, बाई? आता पोरं जूनमध्येच बघायची.’

मी कशाची ऐकते. रोज सकाळी कढईकढईवर जाऊन धुरात उभी राहून ओरडायचे, ‘चला, घंटा झाली.’ त्याआधी सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमाला महिनाभर घसा ताणलेला होताच. एका सकाळी पोरांना हाक मारायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. पुन्हा उघडलं. पुन्हा हवा. समोरची बाई हळद मोडायची थांबून बघत राहिली.

हळदीच्या मुलखात घसा बसणं म्हणजे काय ते ज्यानं भोगलं त्यालाच माहीत. कुणी हळदीचं दूध, कुणी हळदीच्या गुळण्या, कुणी भाजलेलं हळकुंड गालात धरायला लावलं. गुरुजींनी हळदीची धुरी सुचवली. ज्यांच्या घरात मी भाड्यानं राहायचे त्या नूरखाला सकाळ-संध्याकाळ गळ्याला गरम हळदीचा लेप बांधायच्या आणि दटावायच्या, ‘बात नक्को करो बाई. चुप बैठो. अल्ला सब ठीक करता.’ मी आतून बाहेरून पिवळी झाले. आवाज काही आला नाही.

शेवटी नांदेडला गेले. डॉक्टरांनी घशात लांब दांडीचा आरसा घालून बघितलं. म्हणाले, स्वरयंत्रावर गाठी आल्यात. महिनाभर तोंड पूर्ण बंद ठेवायचं. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं ताण जास्त पडतो. मी कागदावर लिहिलं, ‘नाही गेल्या तर?’ ते म्हणाले, ‘तर ऑपरेशन. मग आवाज कसा येईल ते आज सांगता येणार नाही.’ आणि हात धुता धुता, अगदी सहज, ‘दुसरी कुठली नोकरी बघता येईल का तुम्हाला?’

परतीच्या एसटीत मी रडले. रडताना आवाज काढायचा नाही ही काय शिक्षा असते. मला दुसरं काही येत नव्हतं हो. शिवण येत नव्हतं, हिशेब येत नव्हता, स्वयंपाकाचं तर आईलाच विचारा. बोलणं येत होतं, आणि त्याच्या जोरावर मी बाई झाले होते. आवाज नसलेली बाई म्हणजे कोण, हे मला कळेना.

आई परभणीहून आली आणि म्हणाली, रजा टाक, घरी चल. गुरुजी एवढंच म्हणाले, ‘तुमची तब्येत बघा, बाई. पण पहिली-दुसरी बंद पडली की आहेत तेवढीबी हळदीत गेली समजा.’ मी राहिले. त्यात फार थोर काही नव्हतं. घरी गेले असते तर आईशी भांडल्याशिवाय राहिले नसते आणि गाठी दुप्पट झाल्या असत्या.

तो पहिला मुका दिवस मला अजून लख्ख आठवतो. मोजकीच लेकरं आलेली. मी गळ्याला फडकं बांधून उभी. हातानं खूण केली, बसा. ती बसली. मग काय? फळ्यावर लिहावं तर पहिलीच्यांना वाचता येत नाही आणि दुसरीच्यांना माझ्या आवाजाशिवाय वाचायची सवय नाही. हजेरी घ्यायची म्हणून मी एकेकाकडं बोट दाखवायला लागले. बोट ज्याच्यावर जाईल त्याचं नाव बाकीची पोरं ओरडायची आणि तो म्हणायचा हजर. सक्रीवर बोट आलं. पोरं ओरडली, ‘सक्री’. तिनं हात वर केला. मी तिला काय म्हणणार होते? सगळे संपले, बोट दाखवायला कुणी उरलं नाही, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, ‘बाई’. मी हात वर केला. वर्ग हसून हसून लोळला. सक्री हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. दुसऱ्या दिवसापासून ते ठरूनच गेलं. सगळ्यात शेवटी बाईंची हजेरी, आणि बाईंचा हात वर.

मी वस्तू न्यायला लागले. हळकुंड, करवंदाची फांदी, तुटकी घंटा, नूरखालाची बांगडी. वस्तू हातात धरायची आणि भुवया उंचावून बघत राहायचं. आधी कुणी बोलायचं नाही. पूर्वी मी त्या शांततेला फार घाबरायचे. प्रश्न विचारला की उत्तराचं पहिलं अक्षर मीच तोंडात भरवायचे. आता भरवायला काही नव्हतं, थांबण्याशिवाय इलाजच नव्हता. थांबलं की कुठूनतरी एक शब्द यायचा. बहुतेकदा गोरमाटीत. मग दुसरा म्हणायचा, न्हाई, तसं न्हाई, आणि वाद सुरू व्हायचा, आणि त्या वादात निम्मे शब्द मराठीत येऊन पडायचे. मी ते फळ्यावर लिहायचे. त्यांनीच बोललेले शब्द असल्यामुळं त्यांना ते बघून ओळखू यायचे. ही लेकरं अबोल आहेत असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत होते. तोंडाचा पट्टा चालू असताना समोरच्याचं ऐकू येत नाही, एवढी साधी गोष्ट.

शाब्बासकीचं काय करायचं हा प्रश्न मोठा होता. रेघांचं कुंपण मिरवलेली बाई मी. वर्गाला नुकताच चुना दिलेला होता. एका पोरीनं बरोबर शब्द वाचला आणि आनंदात उठताना हळदीनं भरलेला ओला हात भिंतीला टेकवला. बघता बघता पिवळा पंजा लाल झाला. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे त्या लेकरांना चांगलं माहीत होतं, पण आपल्याच हाताचं झालेलं बघून ती थक्क झाली. मी तिच्याकडं बघून हसले आणि पंज्यावर तिचं नाव लिहिलं. झालं. वाचता आलं की भिंतीवर पंजा. घरून हात धुऊन येणारी लेकरं आता मुद्दाम हळद चोळून यायला लागली. गुरुजी दारात येऊन म्हणाले, ‘आवं, वर्ग हाय का हळदीकुंकू? साहेब आले तर म्या काय सांगू?’ मी खडू पुढं केला. त्यांनी जरा वेळ भिंत बघितली आणि जाताना म्हणाले, ‘खालच्या बाजूला जागा हाय अजून.’

सक्रीचा पंजा नव्हता भिंतीवर. ती माझ्या खुर्चीपाशी सरकून सरकून बसायला लागली होती, एवढंच.

आणि एक दिवस वर्ग भरला. म्हणजे भरलाच. हळदीच्या ऐन दिवसांत, पटावरची झाडून सगळी लेकरं. मला काही समजेना. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सक्रीची आजी, सोनाबाई, घागऱ्याचा घेर सावरत आली, शाळेच्या उंबऱ्यावर नारळ ठेवला, माझ्याकडं बघून हात जोडले आणि एक अक्षर न बोलता उलट पावली गेली. मी नारळ हातात घेऊन गुरुजींकडं गेले.

गुरुजींना हसू आवरेना. ‘तुमाला ठावं न्हाई व्हय? तांडा म्हणून राहिला, बाईनं नवस बोललाय. सगळी लेकरं साळंत आल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई म्हणून. मागं एका बाईनं पोरगं दुखण्यातून उठस्तवर असाच अबोला धरला व्हता तिथं. रामजी नायकानं चार दिसांमागं समद्यांला झाडाखाली बसवून सांगितलं, परक्या गावची लेक आपल्या लेकरांसाठी मुकी झाली, तिचा नवस मोडंल असं कुनी वागायचं न्हाई.’

नायक म्हणजे तांड्याचा मुखिया, त्याचा शब्द म्हणजे शब्द. मी कागद घेतला, लिहिलं, ‘त्यांना खरं सांगा.’

‘म्या न्हाई सांगत,’ गुरुजी म्हणाले. ‘इतकी वर्सं म्या घसा फोडला, एक पोरगं कढईपासून उठलं न्हाई. तुमी गप्प बसल्या अन् वर्ग भरला. राहू द्या. कुनाला काय तकलीफ हाय?’

तकलीफ मला होती. नवसानं आलेली लेकरं नवस फिटला की जातील, ही एक. दुसरी जास्त होती. आवाज परत आलाच नाही तर? तर ती माणसं म्हणतील, आपलीच लेकरं कुठंतरी कमी पडली म्हणून बाईचा नवस फळला नाही. सोनाबाई दर आठवड्याला नारळ ठेवील. ते मला सोसलं नसतं. मी वर्गातली मोठी दगडी पाटी काढली, खडूनं जाड अक्षरांत तीन ओळी लिहिल्या आणि शाळा सुटल्यावर तांड्याकडं निघाले.

रामजी नायक कढईपाशीच होते. पांढरं पागोटं, पिवळं धोतर, हातात ती हळकुंड टोचायची काडी. मला बघून ते उठून उभे राहिले आणि आजूबाजूच्या बायांनी डोक्यावरून पदर पुढं ओढले. मी पाटी समोर धरली. त्यांनी पाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. ‘आमाला कुठं वाचता येतं, बाई,’ ते म्हणाले. मग इकडंतिकडं बघून हाक मारली, ‘ए सक्री, आव. काय म्हनून राहिली बाई, वाच.’

सगळ्या तांड्यातून नेमकी हीच. गड्ड्यांच्या ढिगापासून उठून ती आली, हात फ्रॉकला पुसले आणि पाटीसमोर उभी राहिली. बायांची मोड थांबली. कढईतनं वाफ तेवढी येत होती. सक्रीचे ओठ मिटलेलेच. आवाज असता तर मी पहिलं अक्षर पुरवलं असतं, मग दुसरं, आणि सगळी पाटी मीच वाचून टाकून सक्रीला शाब्बास म्हटलं असतं. मी पाटी धरून उभी राहिले. हात दुखायला लागले तरी उभी राहिले.

‘मा,’ सक्री म्हणाली. ‘झा. माझा.’ मग थांबली. ‘न. व. स. नवस. ना. ही.’

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं, आपण काय वाचलं ते. नवस नाही म्हणजे उद्यापासून शाळा नाही, हे त्या तांड्यात त्या क्षणी तिला आणि मला दोघींनाच माहीत होतं. ती पुढचं सोडून देऊ शकत होती. मला येत न्हाई म्हणाली असती तरी कुणी काही बोललं नसतं. मी मान हलवली, वाच.

‘माझा घ. सा. घसा दु. ख. तो.’ आणि मग, आवाज थोडा वाढवून, ‘मु. लां. ना. मुलांना शा. ळेत. पा. ठ. वा.’

नायक काडी हातात तशीच धरून उभे होते. शेवटी म्हणाले, ‘म्हंजे नवस न्हाईच?’ मी मान हलवली, नाही. ‘नुसता घसा?’ मी मान हलवली, हो. सोनाबाईनं कपाळावर हात मारला. कुणीतरी खुसखुसलं.

‘सक्री,’ नायक म्हणाले, ‘ते तिसरं पुन्यांदा वाच.’

तिनं पुन्हा वाचलं. या वेळी अक्षरं सुटी पडली नाहीत.

नायक सोनाबाईकडं वळले. ‘ही वाचाया कवा शिकली?’ सोनाबाईला कुठं माहीत. ती म्हणाली, ‘ही तर घरातबी बोलत न्हाई धड.’ नायकांनी मला विचारलं, ‘तुमी तर मुक्या. मंग हिला शिकवलं कुनी?’ मी खांदे उडवले. ते थोडा वेळ पाटीकडं बघत राहिले, जणू आता त्यांनाच ती वाचायची होती. मग म्हणाले, ‘नवस नसंल तर नसंल. घसा बरा व्हवो, न व्हवो. लेकरं सकाळच्याला हळदीत, घंटा झाली की साळंत. बराबर?’

सगळी नाही टिकली. खोटं कशाला सांगू? हळदीची घाई वाढली तशी काही गळाली, काही एक दिवसाआड यायला लागली. पण वर्ग त्या साली रिकामा झाला नाही. सक्रीनं दुसऱ्या दिवशी भिंतीवर पंजा मारला. सगळ्यात खाली, कोपऱ्यात. आणि तिसऱ्या दिवशी हजेरी काढली तशी ती खुर्चीपाशी येऊन उभी राहिली, माझ्या बोटाखालची नावं स्वतः वाचायला लागली. तेव्हापासून हजेरी तिची. शेवटी मान वर करून म्हणायची, ‘बाई?’ आणि मी हात वर करायचे.

एसटीतून उतरेपर्यंत माझा कागद कोराच होता. नव्या शिक्षकांना मुद्दे लागतात, त्यांची चूक नाही, आम्हालाही लागायचे. त्यांना मी कौशल्यं सांगेन, फळा कसा वापरावा तेही सांगेन. पण मला सांगावंसं वाटतं ते असं की बाबांनो, प्रश्न विचारून झाला की थांबा. थांबायला जीव घाबरा होतो, होऊ द्या. लेकराच्या तोंडात अक्षर भरवू नका. त्याचं तोंड त्याला उघडू द्या. हे मी त्यांना याच फाटक्या, घोगऱ्या आवाजात सांगणार आणि मागच्या बाकावरचा कुणीतरी म्हणणार, मॅडम, जरा मोठ्यानं बोला. मोठ्यानं मला आता येत नाही. ओरडणं तेव्हा गेलं ते गेलंच. त्या भिंतीला मागं डिस्टेंपर दिला. मी मुद्दाम बघून आले, पंजे आत कुठंतरी असतील. सक्री दहावीपर्यंत शिकली, सेनगावकडं दिली, तिचं लेकरू आता शाळेत जातं. कधी बाजारात भेटली की पिशव्या खाली ठेवून अशी बोलायला लागते की गप्प बसायची पाळी माझ्यावर येते. मी बसते गप्प. मला फार बरं वाटतं.

पण आवाज आला तो दिवस सांगायचा राहिलाच की.

वाळलेली हळद चकाकी यावी म्हणून ढोलात घोळायला लागले होते, आंब्याला कैऱ्या धरल्या होत्या. नांदेडला डॉक्टरांनी पुन्हा आरसा घातला, ‘ई’ म्हणायला लावलं, आणि म्हणाले, ‘गाठी गेल्यात. बोला. पण हळू. ओरडायचं आता विसरा.’ मी त्यांना नुसते हात जोडले. पहिला शब्द मी राखून ठेवला होता. नूरखालासाठी नाही, आईसाठीही नाही. परतीच्या एसटीत कंडक्टर ओळखीचा होता, त्याला बोटांनीच कुरुंदा दाखवलं. रात्रभर शब्द निवडत होते. लेकरांनो म्हणू? नमस्ते म्हणू? एखादं वाक्य म्हणू? एवढा विचार मी आयुष्यात कधी बोलायच्या आधी केला नव्हता.

सकाळी वर्गात गेले. तोंड उघडायच्या आत सक्रीनं हजेरी उचलली. रोजचीच गोष्ट, तिला काय माहीत. मी म्हटलं, होऊ दे, मग बोलू. ती एकेक नाव वाचत गेली आणि एकेक हजर येत गेला. पहिली संपली, दुसरी संपत आली. स्वतःचं नाव तिनं स्वतःच वाचलं आणि स्वतःच म्हणाली, ‘हजर.’ मग मान वर केली.

‘बाई?’

सवयीनं माझा हात वर गेला. आणि माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे, पोरगी हजेरी मिटून माझ्याकडं बघत राहिली. मान किंचित तिरकी, ओठांच्या कोपऱ्यात हसू. नेमकी मी बघायचे तशी.

‘हात नको, बाई,’ ती म्हणाली. ‘तोंडानं बोला.’

सगळा वर्ग थांबला. कुणी घाई केली नाही, कुणी पहिलं अक्षर सांगितलं नाही. माझ्याच वर्गात त्या लेकरांनी मला पुरता वेळ दिला.

मी म्हणाले, ‘हजर.’